गाडी आपोआप सुसाट सुटली? कारण शोधायचं ते असं

चार वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत, जालन्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या आवारात, माझ्या मामांची गाडी मागं घेताना एकदम सुटली आणि कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आदळली. भांडी घासत बसलेल्या बायका तिथून दोन-तीन हातांवर होत्या, पण कुणाला लागलं नाही. मामा खाली उतरून एकच वाक्य बोलत होते, "मी ब्रेकच दाबला होता रे, गाडी थांबलीच नाही."

मी संध्याकाळी पोहोचलो तोवर गाडी टोचन करून गॅरेजला गेली होती. तिथल्या पोरांनी मॅट काढून, धुऊन वाळत घातल्या होत्या. स्कॅनर लावून, इंजिनाच्या कंप्युटरनं नोंदलेले बिघाडाचे सगळे कोड पुसले होते. गाडी दोनदा सुरू करून बघितली होती आणि "काहीच प्रॉब्लेम नाही, काकांचा पाय चुकला" असा निकालही देऊन टाकला होता. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, रोजच्या सवयीनं त्यांनी काम केलं. पण गाडीचा दोष की पायाचा, हे सांगू शकला असता असा जवळजवळ सगळा पुरावा त्या एका दुपारी गेला.

मी वाळूजला सुट्या भागांच्या तपासणी विभागात वीस वर्षं काढली आहेत. त्यानंतर ओळखीपाळखीतल्या अशा बऱ्याच गाड्या बघितल्या. त्यावरून हा क्रम लिहितो आहे. गाडीचे मालक, अपघातग्रस्ताचे नातेवाईक आणि तालुक्याच्या गावातले मिस्त्री, तिघांनाही तो वापरता यावा.

आधी जीव वाचवायचा

चालू गाडीनं आपोआप रेस धरली, तर ब्रेक एकदाच पूर्ण ताकदीनं दाबा आणि दाबूनच ठेवा. दाबून-सोडून, दाबून-सोडून करू नका. पेट्रोल गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्युमवर, म्हणजे हवेच्या पोकळीच्या ओढीवर चालतो. थ्रॉटल (रेस दिल्यावर इंजिनात हवा सोडणारी झडप) सताड उघडा असला की नवा व्हॅक्युम जवळजवळ तयार होत नाही, आणि बूस्टरमध्ये साठलेला एक-दोन दाबांत संपतो. मग पेडल दगडासारखं कडक होतं आणि माणसाला वाटतं ब्रेक फेल झाले. चांगल्या अवस्थेतले ब्रेक इंजिनापेक्षा बलवान असतात. थांबायला अंतर जास्त लागेल, पण गाडी थांबते.

ब्रेक दाबलेला असतानाच गिअर न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या, ते नंतर दुरुस्त होतं. गाडी कडेला थांबल्यावरच चावी बंद करा. चालत्या गाडीत चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बटणाच्या गाडीत चालताना नुसत्या टिचकीनं इंजिन बंद होत नाही, बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. किती सेकंद, ते आपल्या गाडीच्या पुस्तकात आज रात्रीच वाचून ठेवा. मांजरसुंब्याच्या घाटात पुस्तक उघडायला वेळ मिळत नाही.

पहिला दिवस: हात लावायच्या आधी

जखमींना दवाखान्यात हलवा, पेट्रोल-डिझेल गळतंय का बघा. गळत असेल किंवा धूर येत असेल तर बॅटरीची तार काढा, पुराव्याचा विचार नको. तसं काही नसेल तर बॅटरी जोडलेलीच राहू द्या. बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की इंजिनाच्या कंप्युटरमधले काही कोड आणि त्या क्षणी टिपलेले आकडे पुसले जातात.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. गाडी सुरू करायची नाही. "बघू तर, आता रेस घेते का" म्हणून जो किल्ली फिरवतो, तो अडकलेली केबल मोकळी करतो, नवे कोड जुन्यांवर चढवतो आणि गळती असली तर आगही लावतो. गाडी उचलून न्या, चालवून नेऊ नका.

मग मोबाइल काढा. चालकाच्या बाजूचं दार उघडून, आत काहीही न हलवता, पेडलपाशी खाली वाकून दहा-बारा फोटो घ्या. मॅट कुठं सरकली आहे, तिची कड रेसच्या पेडलला टेकते का, मॅटवर मॅट आहे का, पेडलखाली पाण्याची बाटली, टिफिन, छत्री, लेकरांचं खेळणं आहे का, हे सगळं दिसलं पाहिजे. गिअरची दांडी कुठं आहे, हँडब्रेक ओढलेला आहे का, सीट किती पुढं-मागं आहे, काटे कुठं थांबले आहेत, तेही टिपा. एक सलग व्हिडिओ घ्या आणि तारीख-वेळ तोंडानं बोला.

चालकाची पायताणं काढून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. हे ऐकून लोक हसतात, पण १ जुलै २०२४ ला दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथल्या सिटी हॉलजवळ एक गाडी माणसांत घुसली, नऊ जण गेले. चालक शेवटपर्यंत सांगत होता की ब्रेक लागलाच नाही. त्याच्या उजव्या बुटाच्या तळव्यावर उमटलेला ठसा रेसच्या पेडलशी जुळला. टकरीच्या क्षणी पाय ज्या पेडलवर असतो, त्याची नक्षी तळव्यावर अशी उमटू शकते. आपल्याकडं पावसाळ्यात वेगळंच होतं. काळ्या मातीचा चिखल तळव्याला बोटभर जाड चिकटतो, बूट रुंद होतो आणि एकाच वेळी दोन्ही पेडलांवर बसतो. शेतातून थेट गाडीत बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा चिखल खरवडायच्या आधी त्याचा फोटो घ्या आणि रुंदी टेपनं मोजा.

त्याच दिवशी आसपासचे कॅमेरे शोधा. पेट्रोल पंप, कृषी सेवा केंद्र, एटीएम, मोंढ्यातली आडत, टोल नाका. बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. म्हणून तोंडी विनंतीवर थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि पोलिसांनाही ते फुटेज ताब्यात घ्यायची लेखी विनंती करा.

चालकाशी बोलताना

ज्यानं हा अपघात अनुभवला, तो हादरलेला असतो. त्याला घोळक्यात उभं करून "ब्रेक का नाही दाबला?" असं विचारलं की तो बचावात जातो आणि त्याची आठवणही बदलते. शक्यतो चोवीस तासांत, एकट्यानं, चहा देऊन बसवा आणि "सुरुवातीपासून सांगा काका" एवढंच म्हणा. मध्ये बोलू नका. सगळं सांगून झालं की मग प्रश्न विचारा.

माझ्या लेखी सर्वांत मोलाचा प्रश्न हा: इंजिनाचा आवाज वाढला तो पाय ब्रेककडं नेण्याच्या आधी, की पाय दाबल्यावर? "मी ओव्हरटेक केलं, रेस सोडली, पण गाडी ओढतच राहिली" असं सांगणं म्हणजे आधी उघडलेला थ्रॉटल परत आला नाही. इथं मॅट, केबल, पेडल किंवा थ्रॉटलवर संशय जातो. "मी ब्रेक दाबला आणि गाडी उसळली, जितकं जोरात दाबलं तितकी जोरात पळाली" असं सांगणं बहुतेक वेळा पाय रेसवर असल्याची खूण असते. पार्किंगमध्ये, फाटकात, गाडी सुरू करून पहिल्या काही क्षणांत, मागं वळून बघताना हे जास्त घडतं. अंग वळतं, कंबर फिरते आणि तिच्याबरोबर पायही सरकतो.

पाय चुकलेला माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या मेंदूनं "ब्रेक" असाच हुकूम दिलेला असतो, आणि पाय बरोबर पडला याची खातरजमा कुणीच डोळ्यांनी करत नाही. म्हणून त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या, मराठवाडी बोलीत असेल तर त्याच बोलीत. "पेडल कडक होतं का मऊ? खाली गेलं का अडलं? पायाला थरथर जाणवली का?" हेही विचारा. थरथर जाणवली तर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) चाललं, म्हणजे ब्रेक दाबला होता. पेडल कडक होतं तर व्हॅक्युम गेला होता, किंवा पेडलखाली काही अडलं होतं. गाडी आठवड्यापूर्वी कुठल्या कामासाठी गॅरेजला गेली होती, नवी मॅटिंग कधी बसवली, दुसरं कोण चालवतं, रात्री कुठं उभी असते, हे प्रश्न राहू देऊ नका.

ब्रेक काय सांगतो

सगळा तपास एका प्रश्नाभोवती फिरतो: ब्रेकवर खरंच जोर पडला होता का? रेस कशी वाढली, याला दहा कारणं असू शकतात. पण जोरात ब्रेक दाबलेला असेल आणि तरी गाडी धावली असेल, तर ब्रेकच्या भागांवर त्याचा माग राहतोच. म्हणून मी बोनेट उघडायच्या आधी चाकं उघडतो.

उघड्या थ्रॉटलशी ब्रेक बराच वेळ झगडला असेल तर डिस्क निळसर पडते, पॅड काचेसारखे गुळगुळीत चकाकतात, जळका वास राहतो, कधी पॅडची कड भुग्यासारखी झडते. चारही चाकं बघा आणि प्रत्येक चाकाचा पॅड वेगळ्या पाकिटात चिठ्ठी लावून ठेवा. उलट, डिस्क साधी आणि पॅड नेहमीसारखे असतील तर लांब अंतर ब्रेक दाबून गाडी पळाली, हे म्हणणं टिकत नाही. पार्किंगमधल्या दोन-तीन सेकंदांच्या उसळीत मात्र डिस्क तापायला वेळच मिळत नाही. तिथं स्वच्छ डिस्क काहीच सिद्ध करत नाही.

मग ऑइल, पाइप, मास्टर सिलिंडर बघा आणि बूस्टर तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. दाबून धरूनच इंजिन सुरू केलं तर चांगल्या बूस्टरचं पेडल थोडं खाली बसतं. ही चाचणी अर्थात इंजिन सुरू करायची परवानगी मिळाल्यावर, सगळं टिपून झाल्यावर, चाकांना अडसर लावून.

मागचा दिवा साध्या बल्बचा असेल तर तो फेकू नका. टकरीच्या क्षणी जळत असलेल्या बल्बची तार तापून मऊ झालेली असते, धक्क्यानं ती ताणली जाते, लांब लोंबते. विझलेल्या बल्बची तार थंड असते, ती तशीच राहते किंवा कडकन तुटते. टक्कर कुठल्या बाजूनं झाली आणि बल्ब टकरीच्या जागेपासून किती लांब होता, यावर हे अवलंबून असल्यानं निकाल फॉरेन्सिकच्या माणसाकडूनच घ्यावा. बल्ब जपणं मात्र आपल्या हातात आहे. एलईडी दिव्याला ही खूण लागू पडत नाही. तिथं फुटेजमध्ये मागचे दिवे लागलेले दिसतात का, तेच बघायचं.

फुटेज मिळालं तर थोडं गणित करा. समजा गाडी उभी होती आणि सुटल्यावर १२ मीटर अंतर तिनं ३ सेकंदांत कापलं. अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, म्हणजे २४ भागिले ९, त्वरण झालं साधारण २.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. शेवटचा वेग ८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडल्यावर नुसती सरपटते ती सपाट जागेवर ताशी पाच-सात किलोमीटरच्या आसपास. एसीच्या कॉम्प्रेसरमुळं आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन घेतं ते फेरे, वाढलं तरी ती २९ पर्यंत जात नाही. म्हणजे थ्रॉटल नक्की उघडला होता, एवढं कळलं. कुणी उघडला, ते अजून शोधायचं आहे. हे अंतर पावलांनी नको, टेपनं मोजा. फरशीच्या ओळी किंवा विजेचे खांब खुणेला धरा.

पायाखालचं: मॅट, पेडल, केबल

दोषी भाग सापडतो तो बहुतेक वेळा स्वस्तातला स्वस्त असतो. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच लेक्सस ईएस ३५० या गाडीत चौघं गेले. शोरूमनं तात्पुरती दिलेली ती गाडी होती आणि तिच्यात दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती. रेसचं पेडल त्या मॅटमध्ये अडकलं. ब्रेक जळालेले सापडले, म्हणजे चालक झगडला होता. त्यानंतर टोयोटानं लाखो गाड्या परत बोलावल्या. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत २३ लाख गाड्या आणखी एका कारणासाठी बोलावल्या गेल्या. पेडलमधला घर्षणाचा भाग झिजून, दमट हवेत चिकटून पेडल हळू परत येत होतं.

आपल्याकडं मूळ मॅटवर जाड मॅटिंग, तिच्यावर नूडल मॅट, आणि मूळ मॅटचं हूक तर पहिल्याच सर्व्हिसिंगला हरवलेलं. फोटो झाल्यावर, इंजिन बंद ठेवून, हातानं रेसचं पेडल पूर्ण दाबा आणि सोडा. असं वीस वेळा करा. दर वेळी ते झटकन परत आलं पाहिजे. मग मॅट अपघाताच्या वेळी होती तिथं ठेवून पुन्हा वीस वेळा. पेडलची खालची कड मॅटच्या काठाला लागते का, ते टॉर्चच्या उजेडात बघा. मॅटच्या कडेवर अर्धगोल दाब किंवा चीर असेल तर तिचा फोटो पट्टी ठेवून घ्या. ब्रेक आणि रेसच्या पेडलांतलं अंतर आणि उंचीतला फरक मोजून ठेवा. ड्रायव्हिंग स्कूलची दुहेरी पेडलांची गाडी असेल, तर शेजारच्या सीटखालचा दांडा कुठं घासतो का, ते आधी बघा.

जुन्या गाड्यांत रेसची केबल असते. उन्हाळ्यातली आपली धूळ कव्हरमध्ये जाते, आतली एक-दोन तारं उसवतात आणि केबल मध्येच अडते. केबल काढून तपासताना आधी कुठं वळलेली आहे ते टिपा, वेडावाकडा बांधलेला क्लिपही कारण असू शकतो. थ्रॉटल बॉडीच्या पाकळीवर कार्बन साचला तर पाकळी बंद होताना चिकटते. ती क्लीनरनं धुवायच्या आधी फोटो, हे पुन्हा सांगतो, कारण इथंच मिस्त्रीचा हात आपोआप क्लीनरकडं जातो. एलपीजी किंवा सीएनजीचं किट नंतर बसवलेलं असेल तर ते कुणी, कुठं बसवलं आणि आयडल कसं लावलं, याचीही नोंद हवी.

वायरी, सेन्सर आणि कोड

आजच्या बहुतेक गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यात तार नाही, वायर आहे. पेडलमध्ये दोन सेन्सर, थ्रॉटलवर दोन सेन्सर. पेडलच्या दोन सेन्सरांचे आकडे एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात राहिले पाहिजेत, पुष्कळ गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतं. प्रमाण बिघडलं की कंप्युटरनं थ्रॉटल जवळजवळ बंद करून गाडी रांगत न्यायची, अशी रचना असते.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. स्कॅनर लावा, इग्निशन ऑन, इंजिन बंद. आधी कोड वाचा आणि पडद्याचा फोटो घ्या. "क्लिअर" या बटणाकडं बघूही नका. पी २१३८ हा कोड पेडलच्या दोन सेन्सरांचं जुळत नाही असं सांगतो, पी २१३५ थ्रॉटलच्या सेन्सरांचं, पी ०५०७ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा जास्त. कोडबरोबर "फ्रीझ फ्रेम" नावाची नोंद असते: त्या क्षणी इंजिनाचे फेरे, वेग, पाण्याचं तापमान. कोड अपघाताच्या आधीचा की टकरीत वायर तुटल्यानं आलेला, हे तिच्यावरून कळतं. वेग शून्य, फेरे शून्य असताना पडलेला कोड बहुधा टकरीनंतरचा आहे.

कोड नाही म्हणजे दोष नाही, असं समजू नका. पेडल हळूहळू दाबत दोन्ही सेन्सरांचा आलेख बघा, कुठं उडी किंवा खड्डा पडतो का. वायरचा गुच्छ हलवत पुन्हा बघा. शेतवस्तीवर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मी कितीदा तरी पाहिल्या आहेत, ऊस तुटून शेत मोकळं झालं की ते गाडीच्या उबेला येतात. कनेक्टरमध्ये हिरवा थर, पाणी, माती असेल तर तसंच ठेवून फोटो घ्या.

टोयोटाच्या प्रकरणात अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं नासाला तपास दिला. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक्समुळं मोठा थ्रॉटल उघडल्याचा पुरावा सापडला नाही असं आलं. पण त्याच तपासात काही पेडल सेन्सरांमध्ये कथलाचे केसाइतके बारीक तंतू वाढून शॉर्ट होत असल्याचंही दिसलं. पुढं ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्युरीनं, सॉफ्टवेअरच्या तज्ज्ञाची साक्ष ऐकून, २००५ च्या कॅम्रीच्या खटल्यात कंपनीला जबाबदार धरलं. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून बसावं, एकाच टोकाला जाऊ नये.

एअरबॅगच्या कंप्युटरमध्ये बऱ्याच गाड्यांत टकरीआधीच्या साधारण पाच सेकंदांची नोंद राहते: वेग, पेडल किती टक्के दाबलं, ब्रेकचा स्विच चालू की बंद. ती वाचायचं साधन गावच्या गॅरेजात नसतं, कंपनीकडून किंवा न्यायालयाच्या आदेशानं ते होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात कंपनीला रजिस्टर पोस्टानं पत्र द्या की हा डेटा जपावा आणि आमच्या माणसासमोर वाचावा. एक खाचखळगा सांगतो. त्या नोंदीतलं "पेडल ९० टक्के" म्हणजे सेन्सरनं सांगितलेले ९० टक्के. पायानं दाबले का, हे ती नोंद थेट सांगत नाही. ब्रेकचा स्विच वेगळ्या सर्किटवर असतो, म्हणून दोन्ही एकत्र वाचायचे आणि डिस्क, बल्ब, बूट यांच्याशी ताडून बघायचे.

डिझेल इंजिन बंदच होत नाही तेव्हा

जुन्या डिझेल जीपांत हा वेगळाच प्रकार आहे. टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) सील गेली किंवा इंजिन ऑइल जास्त भरलं की ऑइल हवेबरोबर आत शिरतं आणि तेच इंधन होतं. चावी बंद केली तरी इंजिन पळतच राहतं, मागं पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट. गाडी चालत असेल तर ब्रेक दाबून वरच्या गिअरात क्लच सोडा, इंजिन दाबून बंद पाडा. उभी असेल तर लोकांना लांब करा. हवा जाते त्या तोंडावर हात कधीच ठेवू नका. तपासात इंटरकूलर आणि होजमधलं ऑइल, टर्बोच्या दांड्याचा खेळ आणि डिपस्टिकवरची पातळी बघितली की उत्तर लवकर मिळतं.

कागद

पंचनाम्यात "ब्रेक फेल" किंवा "चालकाचा ताबा सुटला" असं एक वाक्य लिहून मोकळं होऊ देऊ नका. मॅट, पेडल, गिअर, टायरच्या खुणा त्यात याव्यात अशी नम्र विनंती करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३६ खाली मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो. त्याला आपली टिपणं आणि फोटो लेखी द्या, पोच घ्या. विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. फुटेज आणि स्कॅनचे फोटो न्यायालयात टिकायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, मूळ फाइल न बदलता जपून ठेवा.

तज्ज्ञासाठी पुणं गाठायची गरज पहिल्याच दिवशी पडत नाही. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थान इथल्या यंत्र विभागातल्या प्राध्यापकांना विचारून बघा. संभाजीनगर आणि नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत, तिकडं मुद्देमाल पोलिसांमार्फतच जातो. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तसा अर्ज पहिल्याच तारखेला द्या, गाडी भंगारात गेल्यावर त्याचा उपयोग नाही. एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत तोच दोष दिसत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ खाली सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्यासाठी परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा, तक्रारींची संख्या तिथं मोजली जाते.

निष्कर्ष लिहिताना

एकच कारण शोधायचा हट्ट धरू नका. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० या गाडीवर शेकडो तक्रारी आल्या. १९८९ च्या सरकारी अहवालानं मुख्य कारण पाय चुकणं हेच सांगितलं, पण त्याच तपासात आयडल सांभाळणाऱ्या यंत्रणेत दोष सापडला. तिच्यामुळं गाडी क्षणभर उसळायची, चालक दचकायचा, आणि दचकलेला पाय चुकीच्या पेडलवर पडायचा. पेडलांची मांडणीही त्याला साथ द्यायची. गाडीचा दोष लहान, माणसाची चूक मोठी, आणि दोन्ही मिळून अपघात. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पडू न देणारं कुलूप ऑटोमॅटिक गाड्यांत रुळलं, ते याच काळात.

म्हणून अहवालात तीन रकाने करा: काय बघितलं, त्यावरून काय नक्की म्हणता येतं, काय म्हणता येत नाही. पहिल्या रकान्यात मत नको. प्रत्येक ओळीपुढं फोटोचा क्रमांक लिहा. पाय चुकल्याकडं पुरावा झुकत असेल तर तसं लिहा, पण सीट किती मागं होती, तळव्याला चिखल होता का, पेडलं किती जवळ आहेत, गाडी नवीन होती का, हेही त्याच परिच्छेदात लिहा. पुरावाच उरला नसेल तर "कारण निश्चित करता आलं नाही" असं स्पष्ट लिहा.

मामांच्या फाइलीत मी तेच लिहिलं. धुतलेली मॅट मी गॅरेजमधून परत आणली, तिच्या उजव्या कडेला अंगठ्याएवढा दाब आहे. तो पेडलचा की धुताना दगडावर घासल्याचा, ते आता सांगता येत नाही. मामा अजून विचारतात.